दोन पदव्या एकदम करायच्या असतील तर

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांत प्रवेशाची गर्दी सुरू होते आणि त्या गर्दीत गेल्या तीन-चार वर्षांपासून एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "सर, बी.एस्सी.ला नाव घालतोय, त्यासोबत बी.ए. केलं तर चालेल का?" प्रवेश समितीच्या टेबलाशी अनेक हंगाम बसल्यामुळे या प्रश्नाला नुसते "चालेल" असे उत्तर देण्याची मला धास्ती वाटते. नियम तर आता अनुकूल आहेतच, पण एखादा विद्यार्थी दोन्ही पदव्या वेळेत घेऊन बाहेर पडेल की दोन्हीकडे विषय राहून अडकेल, हे ठरते ते प्रवेशापूर्वीच्या आठ-दहा दिवसांत त्याने काय तपासले यावर. त्या तपासणीसाठीच हे लिहीत आहे.

नियम काय सांगतो

विद्यापीठ अनुदान आयोगाने १३ एप्रिल २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची मुभा दिली. तिचे तीन प्रकार आहेत. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून करता येतात, मात्र एकाच्या तासिका दुसऱ्याच्या तासिकांवर येता कामा नयेत. एक अभ्यासक्रम प्रत्यक्ष आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन करता येतो. अथवा दोन्ही दूरस्थ किंवा ऑनलाइन करता येतात. पीएच.डी.ला ही मुभा लागू नाही. २०२२ पूर्वी ज्यांनी अशा दोन पदव्या घेतल्या होत्या, त्यांच्याविषयीचा संभ्रम आयोगाने जून २०२५ मधील दुरुस्तीने दूर केला असून, त्या त्या वेळचे नियम पाळून घेतलेल्या पदव्या ग्राह्य धरल्या आहेत. घरातील थोरल्या भावंडाचा असा प्रश्न अडकला असेल तर ही दुरुस्ती अवश्य पाहावी.

आयोगाने मुभा दिली म्हणजे प्रत्येक विद्यापीठाने ती जशीच्या तशी स्वीकारली असे मात्र समजू नये. त्यासाठीची पद्धत प्रत्येक विद्यापीठाने आपल्या अधिकार मंडळांमार्फत ठरवायची आहे, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांवर त्या त्या परिषदेचा शब्द चालतो. विधी शाखेचे उदाहरण महत्त्वाचे आहे, कारण दोन पदव्यांची चौकशी करणाऱ्यांत एलएल.बी. करणारे पुष्कळ असतात. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार कायद्याच्या विद्यार्थ्याला त्याच काळात दुसरी नियमित पदवी करता येत नाही. कायद्याच्या पदवीवर पुढे सनद अवलंबून असल्याने येथे धोका पत्करण्यात अर्थ नाही. औषधनिर्माण, परिचर्या, बी.एड. यांच्या बाबतीतही आधी महाविद्यालयाच्या कार्यालयातून लेखी उत्तर घ्यावे आणि मगच दुसरा अर्ज भरावा.

दुसरी पदवी हवी की दुसरा विषय?

"दोन डिग्र्या करीसन काय करशी माय?" असे एका आजीने आपल्या नातीला माझ्यासमोरच विचारले होते. मला तो प्रश्न अगदी योग्य वाटला आणि तो प्रत्येकाने स्वतःला विचारावा असे मी तेव्हापासून सांगत आलो आहे. दोन विषयांची आवड असणे वेगळे आणि दोन पदवी प्रमाणपत्रांची गरज असणे वेगळे. विषयाची आवड भागवण्यासाठी नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या रचनेत गौण विषयाची, म्हणजे मायनरची, सोय आहेच. गणिताच्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्र शिकायचे असेल आणि त्याच्या महाविद्यालयात ते गौण विषय म्हणून मिळत असेल, तर वेगळ्या बी.ए.चा खटाटोप करण्याआधी त्या गौण विषयाचा अभ्यासक्रम छापून घ्यावा आणि तो पुरेसा आहे का ते शांतपणे पाहावे.

गौण विषय अपुरा वाटत असेल तर दुसरा मार्ग दुहेरी मुख्य विषयाचा, म्हणजे डबल मेजरचा. यात पदवी एकच मिळते, मात्र तिच्यावर दोन मुख्य विषयांची नोंद होते. आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिटची, आहे. त्यात पहिल्या मुख्य विषयाचे किमान ६० आणि गौण विषयाचे किमान २४ श्रेयांक असतात. दुसरा विषयही मुख्य म्हणून नोंदवून घ्यायचा असेल तर त्यात किमान ४० टक्के, म्हणजे ४८ श्रेयांक मिळवावे लागतात. याचा अर्थ गौण विषयाच्या २४ श्रेयांकांत आणखी २४ ची भर घालायची. चार श्रेयांकांचा एक पेपर धरला तर हे सहा पेपर होतात आणि एका श्रेयांकाला वर्गातील १५ तास या हिशेबाने ३६० तास भरतात. यांपैकी काही श्रेयांक कौशल्य किंवा आंतरविद्याशाखीय घटकांतून त्याच विषयाचे पेपर निवडून भागवता येतात, म्हणून प्रत्यक्षातील भार थोडा हलका होऊ शकतो. ज्याला एकाच छताखाली दोन विषय खोलवर शिकायचे आहेत, त्याच्यासाठी दुहेरी मुख्य विषय हा दोन पदव्यांपेक्षा चांगला मार्ग आहे असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आपल्या महाविद्यालयात तो पर्याय प्रत्यक्षात उघडला आहे का आणि दोन्ही विभागांच्या तासिका जुळतात का, हे विभागप्रमुखांना भेटूनच कळते, माहितीपुस्तिकेवरून कळत नाही.

स्वतंत्र दुसरी पदवी घ्यायची ती दोन विषय एकाच कामात येऊन मिळत असतील तेव्हा. रावेर-यावलकडे केळीच्या व्यापारात असलेल्या घरातील मुलगा बी.एस्सी. करताना बी.कॉम.ही करू इच्छितो, तेव्हा त्याला मातीही समजून घ्यायची असते आणि हिशेबाची वहीही. ते मला पटते. गणिताची बी.एस्सी. करणारी मुलगी सोबत आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बी.एस. पदवी करते, तेव्हा एका पदवीतील संख्याशास्त्र दुसरीत कामी येते आणि तिचा वेळ वाचतो. परंतु केवळ स्पर्धा परीक्षेसाठी दोन पदव्या असाव्यात हा समज चुकीचा आहे. राज्यसेवेच्या किंवा संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेच्या पात्रतेला एकच पदवी पुरते आणि दुसरीसाठी दिलेला वेळ तयारीतूनच वजा होतो. तसेच, दुसऱ्या विषयात पुढे प्राध्यापक व्हायचे असेल तर पदव्युत्तर पदवी लागतेच. अशा वेळी पहिली पदवी पूर्ण करून त्या विषयाच्या एम.ए.ला थेट प्रवेश मिळतो का, हे दुसऱ्या बी.ए.चा विचार करण्याआधी पाहावे.

एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयी मोठा गैरसमज आहे. शैक्षणिक श्रेयांक बँकेत, म्हणजे एबीसी खात्यात, जमा झालेले श्रेयांक एका पदवीसाठी वापरले गेले की खात्यातून वजा होतात. पर्यावरणाचा किंवा इंग्रजीचा एकच पेपर देऊन त्याचे श्रेयांक दोन्ही पदव्यांना लावता येतील, असे गृहीत धरून कोणीही वेळापत्रक आखू नये. दोन पदव्या म्हणजे दोन पूर्ण श्रेयांकसंच.

तासांचा हिशेब

राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एक श्रेयांक म्हणजे एकूण ३० तासांचे शिक्षण धरले आहे. त्यात वर्ग, प्रयोगशाळा, वाचन, लेखन सगळे आले. वर्षाचे ४० श्रेयांक म्हणजे १२०० तास. दोन पदव्यांचे २४०० तास होतात आणि वर्षातले ३०० दिवस अभ्यासाचे धरले तर रोजचे आठ तास. हा हिशेब मी विद्यार्थ्याला तोंडी सांगत नाही, त्याच्याच हाताने कागदावर करायला लावतो आणि मग त्याच कागदावर रोजच्या प्रवासाचे तास लिहायला सांगतो. चोपड्याहून किंवा पारोळ्याहून एस.टी.ने जळगावला ये-जा करणाऱ्याचा दिवस किती वाजता सुरू होतो आणि किती वाजता संपतो, हे त्याच्याशिवाय कोणालाच नेमके सांगता येत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत घरी हात लागतात, तेही त्याच कागदावर यावे. एवढे सगळे लिहून झाल्यावरही आठ तास उरत असतील तर पुढे जावे. पाच-सहाच उरत असतील तर दुसरी पदवी सोडायची गरज नाही, ती जास्त वर्षांत पूर्ण करता येईल अशी निवडावी. मुक्त विद्यापीठांत पदवी पूर्ण करण्यासाठी किमान कालावधीपेक्षा बरीच अधिक वर्षे मिळतात. इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, तीन वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षांपर्यंत मुदत असते. पहिली पदवी तीन वर्षांत आणि दुसरी चार किंवा पाच वर्षांत, हा क्रम खानदेशातील बहुतेक मुलांना झेपणारा आहे.

दोन्ही पदव्या प्रत्यक्ष वर्गात बसून करण्याचा पर्याय नियमात असला तरी आपल्याकडे तो क्वचितच जमतो. सकाळचे आणि दुपारचे असे दोन वेगळे सत्र भरणारी महाविद्यालये एकाच गावात असली, तरच तो विचारात घ्यावा. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने तर घेऊच नये, कारण प्रात्यक्षिकाची वेळ बॅचनुसार बदलते, जर्नल प्रमाणित करून घ्यायचे असते आणि ७५ टक्के हजेरीचा नियम दोन्हीकडे स्वतंत्रपणे लागू होतो. शिवाय प्रत्यक्ष प्रवेशासाठी दोन्ही महाविद्यालये मूळ दाखला मागतात आणि मूळ दाखला एकच असतो. म्हणून प्रत्यक्ष पदवी आपल्या महाविद्यालयात आणि दुसरी मुक्त विद्यापीठातून, हीच जोडी मी सुचवतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यास केंद्रे आपल्या तिन्ही जिल्ह्यांत आहेत, अभ्यासाचे साहित्य मराठीत मिळते आणि मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे आयोगाच्या २०२० च्या विनियमांत नमूद आहे.

परीक्षेचे दिवस

सर्वांत जास्त नुकसान येथेच होते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

धरणगावहून रेल्वेने जळगावला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने पहिल्या वर्षी दोन्हीकडचा अभ्यास उत्तम केला होता. नोव्हेंबरअखेर दोन्ही वेळापत्रके हाती आली, तेव्हा एका विद्यापीठाचा पेपर आणि दुसऱ्याचा पेपर एकाच दिवशी, एकाच वेळी होता. तिने दोन्ही कार्यालयांना अर्ज केले. दोन्हीकडून उत्तर आले की एका विद्यार्थ्यासाठी वेळापत्रक बदलत नाही, आणि ते उत्तर नियमाला धरूनच होते. तिला एक पेपर सोडावा लागला आणि तो पुढच्या परीक्षेपर्यंत राहिला. प्रवेशाच्या वेळी मी तिला तासिकांविषयी सगळे सांगितले होते, परीक्षांच्या महिन्यांविषयी मात्र सांगितले नव्हते. ती चूक माझी होती आणि तेव्हापासून मी आधी परीक्षेविषयीच विचारतो.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात शिकणाऱ्याने मागील दोन वर्षांची सत्र परीक्षांची वेळापत्रके विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावीत. स्वायत्त महाविद्यालयात शिकत असाल तर परीक्षा महाविद्यालय स्वतः घेते, त्यामुळे तेथील परीक्षा विभागात विचारावे. मग दुसऱ्या विद्यापीठाचे मागील वेळापत्रक शेजारी ठेवावे. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. प्रवेश लांबले की आपल्याकडची पहिल्या सत्राची परीक्षाही डिसेंबरच्या आसपास सरकते आणि मग अडचण उभी राहते. आयआयटी मद्रासच्या पदवीत वर्षाला जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीन सत्रे असतात, परीक्षा ठरावीक शहरांतील केंद्रांवर प्रत्यक्ष जाऊन, बहुधा रविवारी, द्यावी लागते. त्यामुळे वेळ आदळण्याचा धोका कमी असतो, पण आदल्या रात्रीच्या प्रवासाचा खर्च धरावा लागतो. महिना एकच येत असेल तर मुक्त विद्यापीठाच्या त्या सत्राला कमी पेपरांचा परीक्षा अर्ज भरावा आणि उरलेले पुढच्या खेपेस द्यावेत. हे आधी ठरवले तर नियोजन असते, ऐन वेळी करावे लागले तर पेपर राहतो.

मुक्त विद्यापीठातील स्वाध्यायांकडेही, म्हणजे घरी लिहून द्यायच्या असाइनमेंटकडेही, दुर्लक्ष करू नये. सत्रभरातील मूल्यमापनाला सामान्यतः ३० गुण आणि अंतिम परीक्षेला ७० गुण असतात, आणि स्वाध्याय वेळेत जमा केला नाही तर चांगला पेपर लिहूनही निकाल अपूर्ण राहतो. स्वाध्याय जमा करताना पोचपावती घ्यावी व ती निकाल लागेपर्यंत जपावी.

कागदपत्रे आणि नावाचा घोळ

मुक्त किंवा ऑनलाइन प्रवेशासाठी आता डीईबी आयडी, म्हणजे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण मंडळाचा ओळख क्रमांक, लागतो आणि तो काढण्यासाठी आधी एबीसी खाते लागते. एबीसी खाते आधारला जोडलेले असते. येथे आपल्याकडे एक नेहमीची अडचण येते: मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव असते, आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी येते, कधी वडिलांच्या नावाला "भाऊ", "राव" किंवा "सिंग" एका ठिकाणी लागलेले असते आणि दुसऱ्या ठिकाणी नसते. एका पदवीवेळी हे कोणीतरी चालवून घेते, परंतु दोन विद्यापीठांचे श्रेयांक एकाच खात्यात येणार असतील तेव्हा ते अडते. म्हणून दहावीच्या मार्कशीटवरील नाव प्रमाण मानून आधार दुरुस्त करून घ्यावा आणि मगच दोन्ही अर्ज भरावेत. दोन्हीकडे खाते एकच द्यावे. दुसरे खाते काढू नये.

महाविद्यालयाला दुसऱ्या पदवीची माहिती लेखी द्यावी. लपवण्यासारखे त्यात काहीच नाही आणि पुढे नोकरीच्या वेळी कागदपत्रांची पडताळणी करणारा एकाच वर्षाच्या दोन मार्कशीट पाहून प्रश्न विचारतो, तेव्हा तो अर्ज व त्यावरील आवक क्रमांक उपयोगी पडतो. आयोगाच्या १३ एप्रिल २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांची एक छापील प्रतही त्याच फाइलमध्ये ठेवावी.

शुल्क आणि शिष्यवृत्ती

शिष्यवृत्तीचा अर्ज एकाच, शक्यतो प्रत्यक्ष वर्गातील, पदवीसाठी करावा आणि दुसऱ्या पदवीचे शुल्क घरातून भरायचे आहे असे समजूनच हिशेब मांडावा. जे आधी एक पदवी पूर्ण करून नंतर दुसरी घेण्याच्या विचारात आहेत, त्यांनी भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची अट नीट वाचावी: एका टप्प्याचे शिक्षण पूर्ण झाल्यावर त्याच टप्प्यावरील दुसऱ्या शाखेसाठी, उदाहरणार्थ बी.ए. नंतर बी.कॉम.साठी, ती मिळत नाही. मुक्त विद्यापीठाचे शुल्क तुलनेने कमी असते. आयआयटी मद्रासच्या पदवीत शुल्क अधिक आहे, पण प्रवर्ग आणि कौटुंबिक उत्पन्नानुसार मोठी सवलत मिळते, तेव्हा जाहीर आकडा पाहून लगेच मागे फिरू नये.

फसवणुकीविषयी

तालुक्याच्या गावी "एका वर्षात पदवी" असे फलक दिसतात. अशी पदवी कोणतेही मान्यताप्राप्त विद्यापीठ देत नाही. दूरस्थ शिक्षणात विद्यापीठाला आपले काम खासगी एजन्सीला फ्रँचायझी म्हणून देण्याची परवानगीच नाही, त्यामुळे मधला माणूस शुल्क स्वतःच्या खात्यात मागतो तेव्हाच तेथून निघावे. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचे नाव, अभ्यासक्रम आणि मान्यतेचे सत्र या तिन्ही गोष्टी तपासाव्यात; विद्यापीठाला मान्यता आहे, पण नेमक्या त्या अभ्यासक्रमाला नाही, असे पुष्कळदा आढळते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, परिचर्या, विधी, कृषी हे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने देताच येत नाहीत. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि आहार व पोषण यांसारख्या आरोग्याशी संबंधित विषयांनाही २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून दूरस्थ व ऑनलाइन मार्ग बंद झाला आहे. मानसशास्त्र ही दुसऱ्या पदवीसाठी मुलींची नेहमीची पसंती असल्याने हे मुद्दाम सांगतो.

धरणगावच्या त्या मुलीने नंतर काय केले, तेही सांगतो. दुसऱ्या वर्षी तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर एका विद्यापीठाच्या तारखा निळ्या आणि दुसऱ्याच्या लाल शाईने लिहिल्या, मुक्त विद्यापीठाचे निम्मे पेपर एका खेपेस आणि निम्मे दुसऱ्या खेपेस टाकले आणि राहिलेला पेपरही त्यातच बसवला. बी.एस्सी. तीन वर्षांत झाली. बी.ए.ला चौथे वर्ष लागले, ते तिने पहिल्याच दिनदर्शिकेवर लिहून ठेवले होते. हल्ली प्रवेशाच्या दिवसांत माझ्या टेबलावर निळे आणि लाल अशी दोन पेने असतात आणि मागच्या वर्षाच्या वेळापत्रकांचा गठ्ठा असतो. ज्याला दोन पदव्या करायच्या आहेत, तो आधी त्या गठ्ठ्याशी तासभर बसतो आणि मगच अर्ज उघडतो.